छपरावरचा बंब

ज्यांचे बालपण जुन्या घरांत गेले, त्यांच्या आठवणींत तांब्याचा एक बंब असतोच. न्हाणीघराच्या तोंडाशी तो उभा असे. मधल्या नळीत विस्तव, भोवताली पाणी आणि वर धुराचा लोट. पहाटे उठून तो कोणी पेटवायचा, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडत नसे, कारण त्याचे उत्तर ठरलेले होते. घरातली आई किंवा आजी सर्वांच्या आधी तासभर उठे, गोवऱ्या, ढलप्या आणि करवंट्या आत सारी आणि फुंकणीने फुंकून डोळे लाल करून घेई. पुढे विजेचा गिझर आला. धूर गेला, फुंकणी गेली आणि त्यांच्या जागी महिन्याचे बिल आले. म्हणजे ऊन पाणी कधीच फुकट नव्हते. ते कोणाच्या खाती मांडायचे, एवढेच काय ते बदलले.

आता तिसरा बंब आला आहे आणि तो घराच्या छपरावर बसला आहे. याला सरपण नको, वीज नको, सूर्यनारायण पाणी तापवून देतो, असे विक्रेता सांगतो. आपल्या भाषेत सूर्याचा प्रकाशही ऊन आणि तापलेले पाणीही ऊनच; तेव्हा मराठी माणसाला ही गोष्ट चटकन पटते. परंतु श्रोतेहो, सूर्य फुकट असला तरी त्याचे पाणी फुकट नसते. त्यासाठी पंचवीस-तीस हजार रुपये आधी मोजावे लागतात. ते वसूल होतात का, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे दोन घरांतून आला. नागपूरचे माझे एक स्नेही सेवानिवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना मास्तरच म्हणतो. घरी ते आणि त्यांच्या पत्नी, अशी दोनच माणसे. निवृत्तिवेतनातून बाजूला टाकलेले पंचवीस हजार रुपये आणि विक्रेत्याने दिलेले एक रंगीत पत्रक घेऊन ते आले व म्हणाले, “अहो, तुम्ही सांगाल तसे करतो. घालू का हे पैसे छपरावर?” त्याच सुमारास त्यांच्या कन्येचेही बंगळूरहून विचारणे आले. तिच्या घरी सासू-सासरे आणि मुले धरून सहा माणसे आहेत. पत्रक एकच होते, सूर्यही एकच होता. पण बापलेकींना मला दोन निरनिराळी उत्तरे द्यावी लागली. ती का, हे समजण्यासाठी या बंबाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

इ. स. १७६७ मध्ये जिनीव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ होरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी काचेची झाकणे लावलेली एक पेटी उन्हात ठेवली. काचेतून प्रकाश आत शिरतो, पण आत निर्माण झालेली उष्णता तितक्या सहजपणे बाहेर पडू शकत नाही. त्या पेटीत पाणी उकळण्याच्याही पलीकडचे तापमान मिळाले. शंभरेक वर्षांनी आपल्या मुंबईत नोकरीस असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थांनी आरशांनी ऊन एकवटण्याचे प्रयोग केले आणि उष्ण देशांत सरपणाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, यावर १८७८ मध्ये एक पुस्तकच प्रसिद्ध केले. घरगुती पाण्याची गोष्ट मात्र अमेरिकेत आकारास आली. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून त्यांचे पेटंट घेतले. त्यांत पाणी तापे खरे, पण रात्री निवून जाई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम बेली यांनी यावर तोड काढली. तापवण्याची जागा वेगळी केली, साठवण्याची टाकी वेगळी केली आणि टाकीला उष्णता धरून ठेवणारे जाड आवरण घातले. आज आपल्या छपरांवर जे बसते ते मूलतः बेलींचेच यंत्र आहे.

त्याची चाल इतकी साधी आहे की तिला यंत्र म्हणावे की नाही, असा प्रश्न पडावा. काळ्या लेपाचा तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या नळ्या एका चपट्या पेटीत उताराने बसवलेल्या असतात. पेटीवर काच असते. टाकी पेटीच्या वर असते. नळीतले पाणी तापले की हलके होते आणि आपोआप वर टाकीत चढते. टाकीच्या तळचे गार, जड पाणी त्याची जागा घेण्यास खाली उतरते. ही फेरी दिवसभर चालू राहते. पंप नाही, कळ नाही, आवाज नाही. दुसऱ्या प्रकारात पेटीऐवजी काचेच्या दुहेरी नळ्या असतात आणि दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते. चहाच्या थर्मासमध्ये असते तशीच ही व्यवस्था. हा प्रकार स्वस्त पडतो आणि थंडीतही चांगला तापतो, पण गारपिटीत काच फुटण्याचे भय असते. दोन्हींची तोंडे दक्षिणेकडे ठेवतात, कारण ज्या हिवाळ्यात ऊन पाण्याची खरी गरज असते, त्या हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो.

आता एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेलींचे बंब कॅलिफोर्नियात चांगले खपले. पण १९२० नंतरच्या काळात तेथे स्वस्त नैसर्गिक वायू मुबलक मिळू लागला आणि तो धंदा बसला. सूर्य काही मंदावला नव्हता. उलट इस्रायलमध्ये इंधनाची टंचाई होती; तेथे लोकांनी हे बंब आपलेसे केले आणि १९८० मध्ये नव्या घरांना ते कायद्याने सक्तीचे झाले. तात्पर्य, सौर बंब परवडतो की नाही, हे आकाशातल्या सूर्यावर फारसे अवलंबून नसते. तो बसवला नसता तर आपण काय जाळले असते, किती जाळले असते आणि किती दिवस जाळले असते, यावरच ते ठरते.

म्हणून मी मास्तरांना म्हटले, “ते पत्रक क्षणभर बाजूला ठेवा. तुमच्या घरी वर्षाकाठी ऊन पाण्याच्या बादल्या किती लागतात, ते आधी सांगा.”

बादलीचा हिशेब सोपा आहे. एक युनिट वीज जवळजवळ ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवते. स्नानाची बादली २० लिटरची धरली आणि टाकीतले २० अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायचे म्हटले, तर अर्ध्या युनिटाहून किंचित कमी वीज लागते. गिझरच्या टाकीतून थोडी उष्णता हवेत जातेच. ती धरून बादलीस अर्धे युनिट म्हणू. विजेचा दर गावोगाव आणि वापराच्या टप्प्यागणिक निरनिराळा असतो. सोयीसाठी तो सात रुपये मानला, तर एका बादलीस साडेतीन रुपये पडतात. ज्यांचा दर वेगळा असेल, त्यांनी तेवढा एक आकडा बदलून पुढचा हिशेब स्वतः करावा.

नागपूरला ऊन पाण्याची गरज कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे सुमारे १२० दिवस. वैशाखात तर तेथे गच्चीवरच्या टाकीतले पाणीच इतके तापते की ते निवण्याची वाट पाहावी लागते. दोन माणसे, १२० दिवस, म्हणजे २४० बादल्या, १२० युनिटे, ८४० रुपये. याच्या बदल्यात मास्तरांनी पंचवीस हजार घालायचे. सारे पाणी सूर्यानेच तापवले असे मानले, तरी रक्कम भरून यायला तीस वर्षे लागतात. आणि नीट निगा राखलेला संच साधारण पंधरा वर्षे टिकतो. हेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १,७५० रुपये व्याज येते आणि मुद्दल हातात राहते. विजेची सारी बचत त्या व्याजाच्या निम्मीही भरत नाही. मास्तर गणित शिकवत असत. मला पुढे काही बोलावे लागले नाही.

आता बंगळूरचे घर पाहा. तेथे हवा बारमाही गार. स्नानाला ऊन पाणी लागत नाही असे दिवस महिनाभराहून अधिक नाहीत. सहा माणसे आणि ३३० दिवस, म्हणजे जवळजवळ २,००० बादल्या, १,००० युनिटे, ७,००० रुपये. काही दिवस ढगाळ असतात आणि तेव्हा गिझर लावावाच लागतो. त्यासाठी हजार रुपये वजा केले, तरी ६,००० उरतात. १५० लिटरचा संच नळजोडणीसह ३२ हजारांस पडेल असे धरू. साडेपाच वर्षांत तो फिटतो. कोणी म्हणेल, व्याजाचे काय? तेही मांडू. बत्तीस हजारांचे सात टक्क्यांनी व्याज २,२४०. आणि पंधरा वर्षांत संच झिजून जाणार म्हणून त्याच्या किमतीचा वर्षाचा वाटा सुमारे २,१००. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आतच राहतात आणि बचत सहा हजारांची आहे. येथे माझे उत्तर ‘अवश्य घ्या’ असे होते. कर्नाटकात ठरावीक आकाराच्या नव्या घरांना वीजजोडणी देताना सौर बंबाचा आग्रह २००७ पासून धरला गेला आणि बंगळूरच्या गच्च्यांवर त्यांच्या रांगा दिसू लागल्या, त्यामागे तेथील हवेचाही मोठा हात आहे.

संच किती मोठा घ्यावा, याविषयी विक्रेत्याचे मत आणि आपली गरज यांत पुष्कळदा अंतर असते. निरभ्र दिवशी १०० लिटरच्या टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. इतके कढत पाणी कोणी अंगावर घेत नाही. त्यात तेवढेच २० अंशांचे गार पाणी मिसळले की ४० अंशांचे २०० लिटर पाणी होते, म्हणजे दहा बादल्या. वापर चालू असता टाकीत गार पाणी शिरते आणि काही दिवस ऊन कमी पडते, म्हणून थोडा वाव ठेवावा. पण चार माणसांच्या घरी २०० किंवा ३०० लिटरची टाकी म्हणजे जे पाणी रोज तापून रोज वाया जायचे, त्याची किंमत आधीच देऊन ठेवणे होय.

हिशेब जमला तरी तीन गोष्टी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

पहिली गोष्ट पाण्याची. ज्या गावी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड आहे, तेथे तापलेल्या नळ्यांत क्षाराची पुटे चढतात. भाकरीच्या तव्यावर काजळी धरावी तसा तो थर वाढत जातो आणि तांब्याच्या बारीक नळ्या काही वर्षांत बुजतात. आपल्या घरच्या पातेल्याच्या तळाशी पांढरे पूट धरत असेल, तर ते पातेलेच आपणास सावध करीत आहे असे समजावे. अशा ठिकाणी नळ्यांतले पाणी वेगळे व वापरायचे पाणी वेगळे ठेवणारा संच घ्यावा लागतो, किंवा वेळोवेळी क्षार काढण्याचा खर्च धरावा लागतो.

दुसरी गोष्ट नळाच्या लांबीची. टाकी गच्चीवर आणि न्हाणीघर तळमजल्यावर असले की मधल्या नळात रात्रभर निवलेले पाणी उभे असते. पाऊण इंची वीस मीटर नळात सहा लिटरांहून अधिक पाणी मावते. पहाटे तोटी सोडल्यावर आधी ते गार पाणी येते. सूर्याची उष्णता वाचवताना महापालिकेचे पाणी गटारात सोडणे, हा कोणता हिशेब? ते एका बादलीत धरावे आणि धुण्याभांड्यांस वापरावे. नळ शक्य तेवढा आखूड असावा आणि त्यावर उष्णता राखणारे वेष्टण असावे. वेष्टण नसेल, तर छपरावर साठलेली उष्णता भिंतीतच मुरून जाते.

तिसरी गोष्ट छपराच्या मालकीची. मुंबईच्या उंच इमारतींत गच्ची एक आणि बिऱ्हाडे शंभर. तेथे सर्वांच्या वाट्याला पुरेसे ऊन येत नाही. भाडेकरूने संच बसवायचा आणि दोन वर्षांनी घर बदलायचे, यातही अर्थ नाही. शिवाय आज मोकळी असलेली दक्षिण बाजू उद्या शेजारच्या नव्या इमारतीच्या सावलीत जाणार नाही ना, हेही पाहावे.

संच बसवल्यावर निगा राखणे ओघाने आलेच. काचेवर धूळ बसली की ऊन अडते, म्हणून ती पुसावी. हवेचा नळ बुजू देऊ नये. उन्हाळ्यात घर बंद करून गावी जायचे असेल, तर पेटीवर गोणपाट टाकून जावे. लहान मुलांच्या घरी बादलीत आधी गार पाणी आणि मग ऊन पाणी, हा क्रम कधी चुकू नये, कारण निरभ्र दिवसाअखेर हे पाणी भाजण्याइतके कढत असते. मी अनेक गच्च्यांवर निकामी होऊन पडलेले संच पाहिले आहेत. त्यांतील पुष्कळ संच सूर्याने टाकले नव्हते, माणसांनी टाकले होते.

आता एक नवी गोष्ट सांगितली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी घरच्या छपरावर सूर्य वापरायचा म्हणजे बहुधा पाणीच तापवायचे. आज तसे उरलेले नाही. सौर बंबांवरचे केंद्र सरकारचे सर्वसाधारण अर्थसाहाय्य २०१४ मध्ये थांबले. उलट छपरावर वीज निर्माण करणाऱ्या सौर पट्ट्यांसाठी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. उन्हाचे विजेत रूपांतर करताना त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो, तर पाणी तापवताना निम्म्याच्या आसपास येतो. जागेच्या दृष्टीने बंबच काटकसरीचा. परंतु बंबाचे पाणी फक्त स्नानाला उपयोगी पडते. वीज मात्र पंख्यालाही चालते, दिव्यालाही चालते आणि उरली तर हिशेबात जमाही होते. एका किलोवॉटच्या पट्ट्या स्वच्छ दिवशी चारएक युनिटे देतात. मास्तरांचे खरे दुःख हिवाळ्यातले स्नान नव्हते. वैशाखातला कूलर हे होते. त्यांच्या छपरावरच्या सूर्याला हेच दुसरे काम सांगणे अधिक शहाणपणाचे, असे मी सुचवले.

इतका वेळ मी रुपयांविषयी बोललो. पण ज्या घरी अजून जुना बंब किंवा चूल आहे, तेथे हा हिशेब अपुरा पडतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला. तरीही स्वयंपाक गॅसवर आणि स्नानाचे पाणी अंगणातल्या चुलीवर, ही विभागणी पुष्कळ घरांत दिसते, कारण पाण्यासाठी गॅस जाळणे जिवावर येते. तेथे सरपण विकत घेतलेले नसते. म्हणून कागदावर सौर बंबाने वाचवलेले पैसे शून्य दिसतात. परंतु ते सरपण कोणीतरी वेचून, डोक्यावरून आणलेले असते आणि त्याचा धूर कोणाच्या तरी छातीत गेलेला असतो. जे खर्चात मांडले जात नाही ते खर्चच नव्हे, असे मानण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे. माझी आजी पहाटे बंब पेटवी, तेव्हाही घरच्या जमाखर्चाच्या वहीत त्या कामापुढे कोणी एक आणासुद्धा मांडला नव्हता. अशा घरात सहा-सात माणसे असतील आणि छपरावर ऊन असेल, तर संच घेताना नुसते बिल पाहू नये. पहाटे कोण उठते, तेही पाहावे.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. त्याने माणसे दगावली आहेत. काटकसर प्राणांवर बेतू नये.

देशाच्या दृष्टीनेही एक शब्द. आपली बरीचशी वीज अजून कोळशापासून होते. कोळशाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच विजेच्या रूपाने तारेत येतो आणि ती वीज आपण पुन्हा उष्णता करून बादलीत ओततो. पैठणीने ओटा पुसावा तसे हे आहे. जे घर बारमाही गिझर लावते, त्याने हे काम उन्हावर सोपवले, तर त्याचा स्वार्थ आणि परमार्थ एकाच वेळी साधतो. पुण्यासारख्या शहरात महापालिका अशा संचांसाठी मालमत्ताकरात सवलत देते, ती याच विचाराने.

तेव्हा श्रोतेहो, सौर बंब घ्यावा का, याचे एकच उत्तर मी देऊ शकत नाही. पण ते उत्तर प्रत्येकाला घरबसल्या काढता येईल. घरातली माणसे आणि वर्षातले ऊन पाण्याचे दिवस यांचा गुणाकार करा. तो हजाराच्या खाली राहत असेल, तर घाई करू नका. दीड-दोन हजारांवर जात असेल, आज वीज जळत असेल, पाणी हलके असेल आणि छप्पर स्वतःचे असेल, तर विचार करीत बसू नका. मधल्या आकड्यांना आपापला विजेचा दर कौल देईल.

मास्तरांनी आपले पंचवीस हजार अद्याप बँकेतच ठेवले आहेत. बंगळूरच्या गच्चीवर मात्र संच बसला. मागच्या खेपेस मी तेथे उतरलो, तेव्हा पहाटे कन्येच्या सासूबाईंनी आतून हाक दिली, “पाणी आलंय बरं का, आंघोळीला चला.” न्हाणीघरात बादलीतून वाफ निघत होती. घरात कोणीही लवकर उठले नव्हते.